किल्ल्यांचा बुधवार

माझ्या थोरल्या जाऊबाईंची लाँड्री आहे आणि मी तिथे पगारी नोकर आहे. हे असं एका दमात सांगायला मला बरीच वर्षं लागली. जावाजावा म्हटलं की भांड्याला भांडं लागायचंच. आमचंही लागलं, पण कशावरून लागलं ते ऐका.

मी त्यांना वहिनी म्हणते, म्हणून अख्खं दुकान त्यांना वहिनी म्हणतं आणि दुकानाबाहेरची गल्लीसुद्धा. मी कामाला लागून जेमतेम आठवडा झाला होता. भाजीवाला दारात उभा, माझ्याकडे सुटे नाहीत, म्हणून मी सहज गल्ल्यात हात घातला. वहिनींनी हातातली इस्त्री उभी केली.

"अगं, ते पैसे दुकानाचे आहेत."

"आणि दुकान कुणाचं?" मी विचारलं. माझ्या मते हा प्रश्न बिनतोड होता.

"दुकान दुकानाचं. मला हवे असले तर मीसुद्धा पगाराची वाट बघते."

भाजीवाल्यासमोर माझा पार चेहरा पडला. मी घरी जाऊन यांना सांगितलं, तुमच्या वहिनी मला चोर समजतात. पुढे कितीतरी दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. पण महिना भरला तेव्हा बघितलं, तर बाई खरोखरच सगळ्यांबरोबर रांगेत उभी. पगाराचा एक पत्र्याचा डबा होता. दुकानात जे यायचं त्यातलं पहिलं त्या डब्यात पडायचं. मग साबण, मग वीज, मग जागेचं भाडं. वहिनींचा पगार त्याच डब्यातून निघायचा, आणि इस्त्रीवर उभ्या राहणाऱ्या माणसापेक्षा तो फार मोठा नव्हता. गर्दीच्या महिन्यांत त्या डब्यात जास्त टाकायच्या, कारण पुढे हॉटेलं ओस पडतात, चादरी येत नाहीत, आणि माणसांची पोटं मात्र सुट्टीवर जात नाहीत. मंदी आली म्हणून त्यांनी एकालाही कधी 'पुढच्या महिन्यात ये' म्हटलं नाही. ते कळल्यावर मी पुन्हा बोलायला लागले. माफी बिफी मागितली नाही, जाऊच आहे शेवटी.

दुकान तसं लहानच. पुढे गिऱ्हाइकांसाठी एक बाक आणि काउंटर. काउंटरमागे उंच पाठीची लाकडी खुर्ची, तिच्या मागे नंबर घातलेल्या फळ्या. आत दोन मोठी मशीन, इस्त्रीची टेबलं, आणि मागच्या मोकळ्या जागेत वाळत घालायच्या दोऱ्या. दिवसभर ओल्या स्टार्चचा आणि तापलेल्या सुती कापडाचा वास. माणसंही मोजकी. डागमावशी डाग काढते. कपडा नाकाशी नेला की तिला कळतं, चहा सांडलाय की औषध, आणि कुणी कुणावर सांडलाय याचाही ती अंदाज सांगते, न विचारता. टेंपोवाला माल आणतो आणि पोचवतो. मी कपड्यांना नंबराच्या पट्ट्या टाचते. आणि इस्त्रीवर आहे तो वाफ. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागत असेल. इस्त्रीतून निघते तेवढीच वाफ त्याच्या डोक्यातून निघते, म्हणून वाफ.

आता किल्ल्यांचं. एकदा वहिनी तापाने घरी पडल्या होत्या. एका गिऱ्हाइकाचे पडदे आले, अर्धे पांढरे, अर्धे गडद निळे. कुणीतरी ते एकाच टबात भिजवले. निळ्यांचा रंग सुटू लागला. डागमावशीने पाहिला, वाफने पाहिला, मीही पाहिला. तिघं टबाभोवती उभे राहिलो आणि एकमेकांना विचारत राहिलो, वहिनींना विचारायचं का? त्यांना ताप आहे, झोपल्या असतील. काढावेत का? काढले आणि चुकलं तर? शेवटी आम्ही टबावर फळी ठेवून घरी गेलो. हो, फळी ठेवली. जशी काही फळी दिसली की रंग आपोआप थांबणार होता.

दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या तेव्हा सगळे पडदे आकाशी झाले होते. वाफ म्हणाला, "तुम्हाला विचारल्याशिवाय कसे काढणार?"

मला वाटलं, आता आमची धडगत नाही. पण वहिनींनी आधी गिऱ्हाइकाची भरपाई केली, मग टबाशेजारी स्टुलावर बसल्या. "चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "मी तुमचे हात कामाला ठेवले आणि डोकी घरी ठेवून या म्हटलं."

त्या आठवड्यापासून बुधवारची पद्धत सुरू झाली. दर बुधवारी पाळीने एकाने मालक व्हायचं. किल्ल्यांचा जुडगा त्याच्या कमरेला, खुर्ची त्याची, आणि त्याचं रोजचं काम वहिनींनी करायचं. कोणतं काम घ्यायचं, कोणतं परत पाठवायचं, भाव काय सांगायचा, सगळं त्या दिवसाच्या मालकाने ठरवायचं. ठरवलेलं वहिनी फिरवणार नाहीत, बरोबर असो वा चूक. संध्याकाळी चहा घेताना त्याने फक्त एवढं सांगायचं की आपण असं का ठरवलं.

सुरुवातीचे बुधवार म्हणजे नुसता सावळा गोंधळ. डागमावशीला कुणाला नाही म्हणता येईना. तिने आल्या गेल्याला 'उद्या घेऊन जा' सांगितलं, आणि गुरुवारी सगळे एकदमच दारात. वाफने एका गिऱ्हाइकाला, कॉलरचा मळ धुण्यापेक्षा मान धुवा, असं सुनावलं. ते गृहस्थ तणतणत आत गेले. वहिनी इस्त्रीच्या टेबलावर घाम पुसत उभ्या होत्या.

"तुम्ही या दुकानाच्या मालकीण ना?"

"आज नाही," वहिनी म्हणाल्या. "आज मालक ते. त्यांच्याशी बोला."

गृहस्थ परत आले नाहीत. वहिनींनी त्याबद्दल ब्र काढला नाही. पण वाफ पुढचे कित्येक दिवस त्यांच्या कपड्यांच्या फळीवरच्या रिकाम्या जागेकडे बघायचा. स्वतः केलेलं नुकसान आणि दुसऱ्याने केलेलं नुकसान यात फरक असतो, तो त्याला तिथे उभ्या उभ्या कळला. मीही माझ्या बुधवारी कमी घाण केली नाही. ती इथे सांगत नाही, हे लिहिणारी मी आहे.

हळूहळू सगळ्यांचा हात बसला. आणि नेमक्या तेव्हाच वहिनींची पाठ गेली.

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन. नंतर कित्येक महिने वाकायचं नाही, उभं राहायचं नाही, दुकानाकडे तर फिरकायचंच नाही. दादांनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी, ते ऐकलं आणि दुकान विकायचं ठरवून टाकलं. दादा आयुष्यभर एका कचेरीत हिशेबनीस होते. निवृत्त झाल्यावरही आमटीत मीठ किती याचा मनात हिशेब करतात. पण बायकोवर त्यांचा जीव आहे. तो ते बोलून दाखवत नाहीत, रागावून दाखवतात. मोठ्या रस्त्यावरच्या नव्या लाँड्रीवाल्याला आमची जागा हवी होती. मशीन घेतो म्हणाला, गिऱ्हाइकं घेतो म्हणाला. माणसं नकोत, त्याच्याकडे यंत्रंच यंत्रं.

"तू इथे पडून राहशील आणि डोकं तिथे दुकानात," दादा म्हणाले. "चौथ्या दिवशी कुणीतरी फोन करील, वहिनी, पडद्यांचं काय करू. आणि तू टाके घेऊन धावत जाशील. मी ओळखतो तुला. ही माणसं तुझ्याशिवाय आठवडा काढणार नाहीत."

वहिनी आडव्या पडून ऐकत होत्या. मी उशाशी बसले होते. त्या भांडल्या नाहीत, आणि त्या भांडत नाहीत तेव्हा मला जास्त भीती वाटते.

"अहो, येत्या बुधवारी दुकानात येऊन बसा," त्या म्हणाल्या. "दिवसभर बसा. कुणाला काही बोलू नका, काही शिकवू नका. संध्याकाळी तुम्हाला विकावंसं वाटलं, तर मी सही करते."

दादा म्हणाले, ठरलं. मी बोटांवर पाळ्या मोजल्या. येत्या बुधवारी पाळी वाफची होती.

दादा बाहेर गेल्यावर मी हळूच म्हटलं, "वहिनी, डागमावशीला बसवा ना. त्याला सांगू, पुढच्या वेळी बस."

"पाळी म्हणजे पाळी," त्या म्हणाल्या. "आणि त्याला काही सांगायचं नाही. दादा का येणार आहेत ते तर मुळीच नाही." मी होय म्हटलं, आणि दुकानात गेल्या गेल्या डागमावशीला सांगितलं. डागमावशीच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्यामुळे दुपारपर्यंत मशीननाही कळलं असेल.

बुधवारी दादा गिऱ्हाइकांच्या बाकावर येऊन बसले, चष्मा पुसून. वाफ स्वच्छ शर्ट घालून आला होता, स्वतः इस्त्री केलेला, बाहीची घडी बघत राहावी असा. त्याने किल्ल्या कमरेला अडकवल्या. ऑपरेशनला अजून अवकाश होता, म्हणून वहिनी नेमाप्रमाणे इस्त्रीच्या टेबलाकडे निघाल्या.

"वहिनी, आज इस्त्री नको," वाफ म्हणाला. "स्टूल घ्या, बसून टॉवेलांच्या घड्या घाला."

"तुझं काम मी करायचं असतं."

"मालक कोण आज?"

वहिनी बसल्या. दादांनी खोकल्याचं निमित्त करून तोंडावर रुमाल धरला, पण मला दिसलं.

सकाळ बरी गेली. एका बाईंचा कोट वाफने परत पाठवला, हा आमच्याने नीट होणार नाही, म्हणाला, आणि कुठे होईल तेही सांगितलं. जेवणानंतर एक सुटाबुटातला माणूस आला. गावाबाहेर नवं हॉटेल उघडलं होतं, त्याचा तो व्यवस्थापक. चादरी, टॉवेल, टेबलांवरची कापडं, सगळं काम आम्हाला देतो म्हणाला. आमच्याकडे तेव्हा होतं त्याच्या दुप्पट. मंदीचे महिने तोंडावर होते. माझ्या हातातली सुई तशीच राहिली. मला वाटलं, देवच आला सुटाबुटात. एवढं काम हातात असल्यावर दादा कोणत्या तोंडाने विका म्हणतील?

"भाव जरा कमी धरा," तो माणूस म्हणाला. "काम मोठं आहे ना. आणि पैसे तीन महिन्यांनी, आमच्याकडे सगळ्यांना तसंच असतं. सुरुवात उद्यापासून."

मी वाफकडे बघून मान हलवत होते, हो म्हण, हो म्हण. तो उठला, 'बसा' म्हणाला आणि आत गेला. डागमावशीला विचारलं, रोज एवढ्या चादरी आल्या तर तुझ्याने किती निघतील? टेंपोवाल्याला विचारलं, गावाबाहेरची फेरी धरली तर गल्लीतली गिऱ्हाइकं वेळेवर होतील का? मलाही विचारलं, पट्ट्या टाचायला अजून एक माणूस लागेल का? लागेल, मी म्हटलं, दोनही लागतील. वहिनींना त्याने काही विचारलं नाही. त्यांच्यासमोरून गेला आणि तसाच परत आला.

"निम्मं काम घेऊ," तो म्हणाला. "भाव आमचा नेहमीचा. पैसे पंधरवड्याला."

"सगळं किंवा काहीच नाही," व्यवस्थापक हसला. मग त्याची नजर वहिनींवर गेली. "बाई, तुमचंच दुकान आहे असं कळलं मला. या माणसाला समजवा काहीतरी."

सगळे थांबले. दादा बाकावर पुढे सरकले. वहिनींच्या हातात अर्धी घडी घातलेला टॉवेल होता. एक शब्द, फक्त एक शब्द, आणि ते काम आमचं होतं.

"मालक खुर्चीत बसलेत," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी ती घडी पुरी केली.

माणूस निघून गेला. वाफच्या मानेवर घाम फुटला होता, पण तो ओरडला नाही, एवढासा आवाज चढला नाही. मला मात्र त्याच्या डोक्यात कपडे बडवायचं धोपटणं घालावंसं वाटलं. हातातोंडाशी आलेला घास याने खुशाल परत पाठवला! दादा उभे राहिले, पुन्हा बसले. त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं, सही कुठे करायची ते.

संध्याकाळी मशीन बंद झाली. चहा आला. नेमाप्रमाणे वाफने सांगायचं होतं. तो कप हातात धरून उभाच राहिला.

"घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, असं झालं असतं," तो म्हणाला. "एवढं काम घ्यायचं तर नवी माणसं घ्यावी लागणार. त्यांना पगार दर महिन्याला, आणि आपल्याला पैसे तीन महिन्यांनी. म्हणजे हात पगाराच्या डब्यात. तो संपला की रात्रपाळी करा, उसनवार करा, भांडणं करा."

"पण काम तर मिळालं असतं," मी न राहवून म्हटलं.

"मिळालं असतं ना. आणि मग कुणीतरी वहिनींना फोन केला असता." त्याने दादांकडे बघितलं नाही, जमिनीकडे बघितलं. "त्या पाठीला टाके घालून पडलेल्या असणार. त्यांना कळलं असतं की दुकान अडचणीत आहे, तर त्या अर्ध्या बऱ्या झालेल्या उठून आल्या असत्या. त्यांना उठून यावं लागेल असं एकही काम मला घ्यायचं नाही. मंदी आहे, तर मंदी काढू. डबा आहे."

मला रडू आलं, सरळ सांगते, आणि त्याला मनातल्या मनात घातलेलं धोपटणं मी परत घेतलं. दादा कपाच्या तळाशी बघत होते. ज्या पाठीसाठी ते दुकान विकायला निघाले होते, त्याच पाठीसाठी या माणसाने एवढं मोठं काम दारातून परत पाठवलं होतं, आणि ते आपल्या बायकोच्या इस्त्रीवाल्याला आपल्याइतकंच कळतं, हे त्यांना पचवायला वेळ लागला.

मग त्यांनी खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि वाफपुढे धरला.

"तो नवा लाँड्रीवाला आहे. दुकान घ्यायचं म्हणतोय. मालक तू आहेस, काय ते उत्तर दे."

वाफने फोन कानाला लावला. आणि दिवसभर कोंडलेली सगळी वाफ तिथे सुटली. "नाही म्हणजे नाही!" तो एवढ्यांदा ओरडला की गल्लीतलं कुत्रं उठून बसलं. वहिनी हसायला लागल्या. पाठ धरून हसत होत्या, डोळे पुसत होत्या आणि म्हणत होत्या, "अरे, हसवू नका रे मला, दुखतंय."

तो हॉटेलवाला परत आला का? आला असता तर गोष्टीला बरं दिसलं असतं. नाही आला. त्याचं काम नव्या लाँड्रीवाल्याने घेतलं आणि त्याचं चाललंय छान, बुडाला बिडाला नाही. आमची मंदी मात्र खरीच ओढाताणीची गेली. पण पगार दर महिन्याला झाले. सोमवार ते रविवार आम्ही सगळेच पाळीने खुर्चीत बसत होतो, आणि सगळ्यांनी मिळून एक शपथ घेतली होती, वहिनींना फोन करायचा नाही.

त्यावरून त्या घरी रुसल्या. मी रात्री डबा घेऊन गेले की भिंतीकडे तोंड. "एकाचाही फोन नाही. मी मेले का जिवंत, कुणाला पडलंय?"

"तुझंच शिक्षण," दादा औषध देता देता म्हणायचे. "भोग आता."

डॉक्टरांनी परवानगी दिली त्या दिवशी त्या कुणाला न सांगता दुकानात आल्या, हळूहळू चालत, दादांचा हात धरून. खुर्चीत डागमावशी होती. काउंटरवर गर्दी. एक माणूस घाईचं काम आणून विनवत होता, आणि डागमावशी, जिला जन्मात नाही म्हणता येत नव्हतं, ती त्याला गोड आवाजात 'परवा' सांगत होती. तिने मान वर केली, दारात वहिनी दिसल्या. तिचे डोळे भरून आले. पण समोर गिऱ्हाईक होतं.

"या ना, बाकावर बसा जरा," ती म्हणाली. "नंबर आला की बघते."

मी पट्ट्या टाकून धावणार होते. वहिनींनी डोळ्यांनी मला थांबवलं. त्या निमूट बाकावर जाऊन बसल्या, पिशवी मांडीवर घेऊन. शेजारी एक तरुण बाई बसली होती, शर्टांचं गाठोडं घेऊन. गल्लीत नवीनच आलेली. तिने सरकून जागा दिली.

"पहिल्यांदाच आलात का?"

"हो," वहिनी म्हणाल्या. "कसं आहे इथलं काम?"

"काम एकदम चोख. वेळेवर देतात, उगाच हो म्हणत नाहीत." ती बाई थोडी वाकून हळूच म्हणाली, "फक्त एक आहे, दुकानाचा मालक कोण ते शेवटपर्यंत कळत नाही. दर वेळी खुर्चीत वेगळंच माणूस."

वहिनींनी दादांकडे बघितलं. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते, पण असं तोंड मी त्यांचं कधी पाहिलं नव्हतं. शाळेतला पहिला नंबर लागल्यासारखं.

"असू दे," त्या म्हणाल्या. "आपला नंबर आला म्हणजे झालं."